घरटी एक लाकूड

पळसटोला, ता. नागभीड
९ डिसेंबर २००७

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर कुणाचं ते तू ओळखलंच असशील. तरीही फोडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. फोनवर माझा आवाज ऐकला की तू न बोलता रुखमावहिनीच्या हातात फोन देतोस, आणि मग आम्ही दोघी थंडीबद्दल आणि तुरीच्या शेंगांबद्दल बोलत बसतो. वहिनी बिचारी दर वेळी म्हणते, ते बाहेर गेलेत. मागून तुझा खोकला ऐकू येतो. म्हणून या वेळी कागद घेतला. कागद मधेच कट करता येत नाही. फाडता येतो, पण आईची खबर आहे म्हटल्यावर तू फाडणार नाहीस, एवढी मी तुला ओळखते. शेवटपर्यंत वाच, एवढंच मागणं आहे. शेवटचं आधी वाचू नकोस. लहानपणी तू गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचून मला सांगून टाकायचास आणि मी रडायचे, तसं या वेळी करू नकोस.

आई आता उठत नाही. दिवाळीनंतर पायांवर सूज आली, मग ती वर चढली. नागभीडच्या डॉक्टरांनी चंद्रपूरला पाठवलं, चंद्रपूरच्यांनी परत घरी पाठवलं. घरी ठेवा, आवडतं ते खाऊ घाला, असं म्हणाले. याचा अर्थ अंगणवाडीतल्या पोरालाही कळतो. आवडतं काय खाणार ती? भाताची पेज दोन घोट घेते. परवा तुझ्या दोस्ताने, लच्छूने मरळ आणून दिली, तिचा रस्सा केला, तर वास घेतला आणि म्हणाली, चांगला झाला आहे, आता तू खा. रोज सकाळी एकच विचारते, हेमराजचा काही निरोप? मी म्हणते, येतो म्हणाला आहे. तू म्हणाला नाहीस. मीच म्हणते.

आता अडचण काय आहे तीही सरळ सांगते. आईने सांगून ठेवलं आहे की तिला बाबांसारखंच त्या लोखंडी शेगडीवर न्यायचं, आणि अग्नी तुझ्या हातचाच हवा. दसरूकाकांच्या नाही, लच्छूच्या नाही. आणि तू सहा वर्षांपूर्वी फाट्यावर शंभर माणसांसमोर शपथ घेऊन गेलास की ती शेगडी मसनवटीत उभी आहे तोवर या गावाचं पाणी पिणार नाहीस. आईला दोन्ही हवंय, शेगडीही आणि मुलगाही. यातलं एक तिला सोडावं लागेल की काय, या काळजीने ती जाता जात नाही आणि मला बघवत नाही. तू काहीही ठरव, पण ठरवण्याआधी तुला ज्या गोष्टी माहीत नाहीत त्या कळायला हव्यात. दोन आहेत. एक बाबांनी माझ्यावर सोपवून ठेवलेली, दुसरी माझी.

आजी गेली ते साल तुला आठवतं, १९९१ चा उन्हाळा. आपल्याकडे कुणी गेलं की घरटी एक लाकूड यायचं. भांडण असो, अबोला असो, लाकूड खांद्यावर टाकून माणूस यायचाच. ज्याच्या घरचं लाकूड आलं नाही, त्याच्याकडे उद्या मरण झालं तर कुणी फिरकणार नाही, असा नेम. उशाचं मोठं लाकूड मात्र ज्याचं माणूस गेलं त्याने आणायचं. पूर्वी ते जंगलातून यायचं. मग जंगलखात्याने आवळलं आणि गावाने परस्पर ठरवून टाकलं की जंगलाचं लाकूड जळणाला, पाळीचं, तलावाच्या बांधावरचं, लाकूड मरणाला. मालगुजार गेले, तलाव सरकारजमा झाला, पाळीवरच्या अर्जुनाच्या झाडांना मालकच उरला नाही. एकेक मरण आणि एकेक झाड. आपण ढिवर, पाळीच्या आतलं पाणी आणि त्यातले मासे-शिंगाडे आपले, पण पाळीवरचं झाड तोडताना आपलीच कुऱ्हाड सगळ्यांच्या आधी उचलायची.

बाबांनी त्या दिवशी टोकाकडचं एक वाकडं, अर्धं वाळलेलं झाड दाखवलं होतं. तू तेवीस वर्षांचा. आजी तुझ्यावर जीव टाकायची, चोरून गूळ तुलाच द्यायची. तू म्हणालास, माझ्या आजीला असलं लाकूड नाही, आजी थाटात जाईल. आणि तुडुमाजवळचं, जिथून शेतांना पाणी सोडतात तिथलं, ते दोन माणसांच्या कवेत न मावणारं झाड तू आणि लच्छूने पाडलंत. मी घागर घेऊन पाळीवर उभी होते. बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आजी खरंच थाटात गेली, दादा. दोन दिवस निखारे धगधगत होते, आणि सगळ्या टोल्यात सोमाजी ढिवराच्या मायसारखं मरण कुणाला आलं नाही असं लोक बोलत होते. तुझी मान ताठ झालेली मी पाहिली आहे.

पुढच्या दोन पावसाळ्यांत बाबा सारखे म्हणायचे की पाळीला घाम येऊन राह्यला आहे. खालच्या अंगाला ओल दिसायची. गावच्या बैठकीत त्यांनी सांगितलं, तेव्हा गुणवंतराव पाटील म्हणाले, सोमाजी, तुझ्याच डोळ्यात पाणी आहे, पाळीत नाही. सगळे हसले. १९९४ च्या श्रावणात पाळ फुटली. तुडुमाजवळच फुटली. रोहू-कतल्याचं सगळं बियाणं नाल्याला गेलं, शिंगाड्याचे वेल बाभळींवर लटकले, आणि पाटलांच्या बांध्यांसकट सगळ्या धानात हातभर रेती बसली. तलाव दोन वर्षं कोरडा होता. अर्धे ढिवर मिरच्या तोडायला तेलंगणाच्या बाजूला गेले, आणि तू वरोऱ्याला जिनिंगमध्ये लागलास. जाताना म्हणालास, एक हंगाम करतो आणि येतो. तुझं जाळं आईने अजून आढ्याला टांगून ठेवलं आहे. उंदरांनी बरंच खाल्लं आहे, पण काढू देत नाही.

मग ९७ साली ती शेगडी आली. तालुक्याहून कुणी संस्थेची माणसं जीप घेऊन आली, मसनवटीत चार खांबांवर टिनाचं छप्पर घातलं आणि खाली गुडघाभर उंचीची लोखंडी चौकट रोवली. खालून हवा लागते, म्हणून आठ मण लाकडाच्या जागी दीड-दोन मण पुरतं, बाकी गोवऱ्या. त्यांनी हे सगळं सभेत समजावून सांगितलं, गावाने चहा पाजला, माना डोलावल्या आणि जीप गेल्यावर जो हशा पिकला तो तीन वर्षं थांबला नाही. माणूस आहे का पापड, म्हणत गुणवंतरावांनी पापडाची शेगडी असं नाव पाडलं ते तिला चिकटलंच. शेगडीला बकऱ्या बांधायचे. लच्छू तिच्यावर जाळं वाळत घालायचा. एकदा कुणीतरी तिच्यावर खरंच वांगी भाजून खाल्ली. मेलेलं माणूस मात्र एकही ठेवलं नाही. पहिलं कोण, हा प्रश्न होता. पहिलं म्हणजे ज्याच्या पोरांना लाकूड जमलं नाही ते.

आणि ९९ च्या दिवाळीत, तू, वहिनी सगळे घरी असताना, जेवता जेवता बाबा म्हणाले की पहिला मी. तुझा घास हातातच राहिला. तुझंही मी समजून घेते दादा, तेव्हा घेतलं नाही, आता घेते. तू गाव सोडून गेलेला मुलगा. आधीच लोक बोलत होते की सोमाजीच्या पोराने म्हाताऱ्याला वाऱ्यावर सोडलं. त्यात बाप बिनलाकडाचा गेला असता तर तुला तोंड दाखवायला जागा उरली नसती. तू म्हणालास, "माह्या बापाले मी पापडासारखा भाजू देणार नाई. ट्रकभर लाकूड आणीन, पण त्या लोखंडावर कोणी ठेवलं तं ते लोखंड उपटून तलावात फेकीन." बाबांनी कारण सांगितलं नाही. तू तीनदा विचारलंस, काऊन, काऊन म्हणून. ते ताटाकडे बघत राहिले. तू ताट सरकवून उठलास, आणि वरोऱ्याला गेल्यावर घराच्या मागे बाभळीच्या लाकडांची थप्पी लावायला लागलास. वहिनीने मला तेव्हाच सांगितलं होतं की दर रविवारी एक-दोन ओंडके आणून रचतात, बाबांसाठी आहेत म्हणतात, चुलीला हात लावू देत नाहीत. मला तेव्हा तुझा इतका राग आला होता की जिवंत माणसाची चिता रचतो हा, असं मी वहिनीला बोलले. मला माफ कर. ते तुझं प्रेम होतं, आणि आपल्या घरात प्रेम नेहमी लाकडासारखंच वाहून आणतात, बोलून कुणी दाखवत नाही.

तू विचारलेल्या काऊनचं उत्तर बाबांनी मला दिलं. मी नवऱ्याच्या घरून कायमची परत आले त्या वर्षी. मला एका शब्दाने विचारलं नाही की काय झालं. पाळीवर घेऊन गेले आणि फुटलेली जागा दाखवली. दुरुस्तीच्या वेळी तिथे जुन्या झाडाचं खोड निघालं होतं. झाड तोडलं तरी त्याचं मूळ पाळीच्या पोटातच राहतं, ते कुजतं आणि आतून नळीसारखं पोकळ होतं, मग पाण्याला तिथून वाट मिळते. बाबा म्हणाले, फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यात हात घातला, खांद्यापर्यंत आत गेला. त्या मुळाचा वीतभर तुकडा त्यांनी जाळ्याच्या पेटीत जपून ठेवला होता. "माह्या मायच्या सरणानं तलाव फुटला," म्हणाले, "आणि तलाव फुटला म्हणून माहा पोरगा गेला. आता माह्या सरणापायी एक फांदी तुटू द्यायची नाई." मी म्हटलं, बाबा, झाड तर... त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. म्हणाले, झाड मी तोडलं. हेमराजला हे कधी कळता कामा नये. माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली.

शपथ मी आज मोडते आहे. तू तोडलंस म्हणून सांगत नाही. मी तिथेच उभी होते, मीही आडवी आले नाही. आजी थाटात जावी असं मलाही वाटत होतं. त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं, बाबांनाही नव्हतं. मी एवढ्यासाठी सांगते की सहा वर्षं तुझ्या मनात आहे, बापाने आपली लाज घालवली, गावासमोर आपल्याला खाली पाहायला लावलं. तसं नव्हतं. ताटाकडे बघत बसलेला तो माणूस तुला वाचवत होता. कारण सांगितलं असतं तर तुला कळलं असतं, म्हणून त्यांनी तुझा राग पत्करला.

आता ते दिवस. २००१, शिमग्याच्या चार दिवस आधी. सकाळी बाबा बाजेवर उठून बसले, चहा मागितला आणि आई चहा घेऊन येईपर्यंत संपलं. त्यानंतरचं तुला जे सांगण्यात आलं ते असं, की मी फाट्यावर मुश्ताकभाऊंच्या एसटीडीच्या डब्यावर गेले, तुझ्या जिनिंगची लाइन लागत नव्हती, उन्हाचे दिवस म्हणून लोकांनी थांबू दिलं नाही, आणि दुपारी दीडला फोन लागला तेव्हा दसरूकाकांनी अग्नी दिलेला होता. तू सहाला पोचलास. ट्रक नव्हता, लाकडं नव्हती, एकटाच होतास, पायात जिनिंगमधली चप्पल आणि डोक्याला कापूस चिकटलेला. मी पाळीवरून पाहत होते. तू चालत शेगडीपाशी गेलास आणि तिच्या काठावर हात टेकवलास. लोखंड अजून तापलेलं होतं. तुझ्या तळहातावर पट्टी उठली, पण तू हात लवकर उचलला नाहीस. किती वेळ ते मी मोजलं आहे, आणि अजूनही कधी चुलीशी बसले की मोजते.

मग तू फाट्यावर गेलास, मी मागोमाग आले, आणि तू मुश्ताकभाऊंची कॉलर धरलीस. ते वयाने तुझ्याहून किती मोठे. बाबांना मासळीच्या बाजारातून सायकलवर डबलसीट आणायचे. शेगडीवरून गाव हसत होतं तेव्हा ते एकटेच बाबांना म्हणाले होते, सोमाजीभाऊ, आमच्यात तर चार फळ्यांत काम भागतं, तरी आजवर कोणी परत आलं नाही. तू त्यांना सगळ्यांदेखत म्हणालास, "तुह्या या डब्ब्यापायी माह्या बापाचं तोंड दिसलं नाई मले." ते म्हणाले, "लाइन खराब होती, भाऊ. गलती झाली." एकदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नंतर पुन्हा कधी पाहिलं नाही. तू गेलास, पण तुझं बोलणं फाट्यावर राहिलं. मुश्ताकच्या फोनचा भरवसा नाही, बापाच्या मरणाचा निरोपही पोचत नाही, असं होत होत लोक नागभीडला जाऊन फोन करायला लागले. भाऊ मात्र रोज सायकलवर यायचे, डबा उघडून बसायचे. मोबाइल आले आणि तो डबा बंदच झाला. आता तिथे सायकलींचं पंक्चर काढतात. भाऊंची बायको, खातूनभाभी, मला बाजारात भेटली की माझ्या हातातली पिशवी धरते आणि आईची चौकशी करते, आणि मला जमिनीत जावंसं वाटतं.

गावाचं सांगायचं राहिलं. तुला वाटत असेल बाबांनंतर सगळ्यांनी शेगडीला हार घातले. कसलं काय! दोन वर्षं कुणी फिरकलं नाही. उलट रात्री तिथून सोमाजी पाणी मागतो म्हणून पोरांनी भूत उठवलं. मग २००३ च्या झडीत एकाच आठवड्यात दोघं गेली. लच्छूची माय जुन्या पद्धतीने, ओल्या लाकडावर. तुला वर्णन सांगत नाही. रॉकेल ओतून ओतून लोक थकले आणि लच्छू चिखलात बसून लहान पोरासारखा रडला. चार दिवसांनी गोंडटोल्याजवळची एक बाई गेली, तिच्या घरी लाकूडच नव्हतं, म्हणून नाइलाजाने टिनाच्या छपराखाली शेगडीवर ठेवली. दोन तासांत सगळं नीट झालं. लच्छू उभा राहून पाहत होता. त्यानंतर त्याने जाळं कधी तिच्यावर वाळत घातलं नाही. पुढच्या वर्षी खुद्द गुणवंतराव गेले. घरात सागाचा माल पडलेला, पण मरताना पोरांना म्हणाले, मले सोमाजीच्या शेगडीवर न्या, पाळीले हात लावू नोका. नाव पाडलं होतं त्यांनीच, आता नवं नावही त्यांनीच दिलं. सोमाजीची शेगडी. तालुक्याच्या कागदात काय लिहिलंय कोण जाणे, गाव तेच म्हणतं. घरटी एक लाकूड अजून येतं, पण मनगटाएवढं, सोबत पाच गोवऱ्या. अजूनही सगळे मानत नाहीत. दसरूकाकाच म्हणतात की मी मेलो तर मला जमिनीवरच ठेवा, मला त्या लोखंडाची भीती वाटते. असू दे. पाळीवर आम्ही पुन्हा अर्जुनाची रोपं लावली, सतरा जगली आहेत. सगळ्यात मोठं आता छपराला टेकेल एवढं झालं आहे.

तू विचारशील, सगळं इतकं बरं चाललं आहे तर मग हे पत्र कशाला. वहिनीमार्फत, आई जाते आहे, ये, एवढा निरोप पुरला असता. तोच देणार होते. पण गेल्या सोमवारी मी आईचे पाय दाबत होते आणि ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "कांता, त्या दिवशी लाइन बंद नोहती. मले तवाच समजलं होतं, तू आली तवा तुह्या तोंडावरूनच. हेमराजले सांगजो. मंग मी जाईन." सहा वर्षं ती माझ्या हातची भाकर खात होती आणि तिला माहीत होतं.

तर ऐक. त्या सकाळी नऊच्या सुमाराला तुमच्या ऑफिसात फोन वाजला होता. तू उचललास. हॅलो म्हणालास, मग पुन्हा एकदा, हॅलो, कोण बोलते, आणि फोन कटला. आठवतं? मागे जिनिंगचा घरघर आवाज होता. ती मी होते. लाइन एकदम साफ होती. तुझा आवाज ऐकला आणि मला दिसलं की आता सांगितलं तर तू दुपारी एकला ट्रक घेऊन येशील, थप्पी घेऊन येशील, आणि तुझ्यासमोर उभं राहायची ताकद माझ्यात नाही, आईत नाही, गावात तर नाहीच. मी बोटाने फोन दाबला. मुश्ताकभाऊ समोर होते. म्हणाले, "बाई, टाइम आहे अजून. परत लावू?" मी नाही म्हटलं, आणि कोणी विचारलं तर लाइन लागली नाही म्हणून सांगा, असं म्हटलं. त्या माणसाने ते सांगितलं. तू कॉलर धरलीस तेव्हाही सांगितलं, आणि मी चार हातांवर उभी राहून गप्प बसले. बाबांची इच्छा मी पुरी केली, पण त्यांचं तोंड बघायचा तुझा हक्क मी चोरला आणि चोरीचा आळ दुसऱ्याच्या माथी जाऊ दिला. तुला माझ्यावर थुंकायचं असेल तर थुंक, तो अधिकार तुझा आहे. परवा मी मुश्ताकभाऊंकडे जाऊन हे सगळं गावापुढे सांगते म्हणाले. ते पंक्चर काढत होते, मान वर न करता म्हणाले, "पहिले भावाले सांगा." म्हणून हे पत्र. आता तुझ्याकडे आईसाठी एकच मागते. वहिनी सांगत होती की मागची थप्पी अजून तशीच आहे, निम्मी वाळवीने खाल्ली, तरी तू हात लावू देत नाहीस. त्यातलं एक लाकूड घेऊन ये, मनगटाएवढं, बिनवाळवीचं. उशाचं लाकूड घरच्यानेच आणायचं असतं. शेगडीवर की जमिनीवर, ते तू आईजवळ बसून तिलाच विचार, मी मधे पडणार नाही. तिला काही झालंच तर तुला फोन मुश्ताकभाऊ लावतील, त्यांना नंबर दिला आहे. मी फोनला हात लावणार नाही, जवळही उभी राहणार नाही. पण दादा, त्या फोनची वाट पाहू नकोस. आधीच ये.

तुझीच, तू म्हणशील तोवर तरी,
कांता